एमएलएस संघासाठी शहराची दावेदारी: चाहत्यांनी नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात काही गुंतवणूकदार मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएसचा, नवा संघ आणायच्या खटपटीत आहेत. शहरातले शे-दीडशे फुटबॉलवेडे एकत्र आले आहेत. त्यांनी बाकीच्या शहराला कसं सोबत घ्यावं, आणि त्यांच्या धडपडीने निर्णयावर खरोखर काही फरक पडतो का?

फरक पडतो, पण कुठे पडतो ते आधी नीट समजून घ्यायला हवं. संघ कोणत्या शहराला द्यायचा हे लीगमधल्या मालकांचं मंडळ ठरवतं. ते मुख्यतः तीन गोष्टी बघतं: नव्या मालकाची आर्थिक ताकद, स्टेडियमची पक्की योजना, आणि त्या शहरातला चाहतावर्ग. पहिली गोष्ट तुमच्या हातात अजिबात नाही. २०१७ च्या जानेवारीत बारा शहरांनी अर्ज केले तेव्हा प्रवेश फी १५ कोटी डॉलर होती. २०२३ मध्ये सॅन दिएगोला तिसावा संघ मिळाला तेव्हा ती ५० कोटींच्या घरात गेली होती. तिसरी गोष्ट मात्र संपूर्ण तुमची आहे. आणि दुसरी, म्हणजे स्टेडियम, जमिनीवर आणि करांवर अडते. ती गाठ सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभेत, सुटते, आणि तिथे मतदारांचं वजन चालतं. म्हणून चाहत्यांचं निम्म्याहून अधिक काम सिटी हॉलमध्ये असतं. झेंडे आणि ढोल यांत सगळी शक्ती घालवलेल्या गटांना हे कळतं तेव्हा कौन्सिलचं मतदान आठवड्यावर आलेलं असतं.

फिलाडेल्फियाचं उदाहरण पहिल्यांदा अभ्यासा. २००७ साली तिथे संघ नव्हता, नाव नव्हतं, मैदान नव्हतं. तरी काही चाहत्यांनी बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरून ‘सन्स ऑफ बेन’ नावाचा सपोर्टर्स ग्रुप, म्हणजे चाहत्यांचा संघटित गट, काढला. नसलेल्या संघाचे चाहते म्हणून ते सभासद जमवत राहिले. २००८ च्या फेब्रुवारीत लीगने होकार दिला आणि २०१० मध्ये फिलाडेल्फिया युनियन मैदानात उतरली. पैसा गुंतवणूकदारांनी आणला, चेस्टरमधल्या स्टेडियमसाठी सरकारी मदत राजकारण्यांनी मिळवली. पण ‘इथे मागणी आहे’ हे वाक्य हवेत न राहता त्याच्या मागे नावनिशीवार माणसं उभी होती, ती या ग्रुपमुळे.

आता कामाकडे.

सुरुवातीला सात ते नऊ जणांची कार्यकारिणी पुरे. त्याहून मोठी केली की निर्णय रखडतात, आणि तीन-चार जणांचीच ठेवली तर सहा महिन्यांत ते थकतात. कामं माणसागणिक वाटा: एक जण यादी सांभाळेल, एक हिशेब, एक कौन्सिलशी संपर्क, एक वृत्तपत्रं आणि टीव्ही, एक कार्यक्रम, आणि एक निव्वळ स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांसाठी. बँक खातं ग्रुपच्या नावाने काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सोय करा. नोंदणी करताना कायद्याचा एक फरक ध्यानात असू द्या. अमेरिकेच्या करकायद्यातल्या ५०१ (सी)(३) प्रकारच्या संस्थेला देणगी दिली की देणगीदाराला करसवलत मिळते, पण अशा संस्थेला कौन्सिलवर दबाव आणण्याचं काम मर्यादेतच करता येतं आणि कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. ५०१ (सी)(४) मध्ये करसवलत जाते, पण ठरावाच्या बाजूने मोकळेपणाने काम करता येतं. स्टेडियमचा ठराव हेच मुख्य लक्ष्य असेल तर माझ्या मते दुसरा मार्ग बरा. एका तासाचे पैसे देऊन स्थानिक वकिलाकडून हे तपासून घ्या.

ग्रुपचं नाव संघाचं नाव वाटेल असं ठेवू नका आणि लीगचं बोधचिन्ह कुठल्याही टी-शर्टवर छापू नका. पहिल्या चुकीमुळे पुढे खरा संघ आल्यावर नावाच्या हक्कावरून वाद होतो. दुसऱ्या चुकीमुळे ज्यांना खूश करायचं आहे त्यांच्याच वकिलांचं पत्र येतं.

यानंतरची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे यादी. सोशल मीडियावरच्या ‘लाइक’ना लीगमध्ये कोणी विचारत नाही, कारण त्यातले किती जण त्या शहरात राहतात हे कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या अर्जात एवढंच विचारा: नाव, ईमेल, पिन कोड (तिथे झिप कोड म्हणतात), घरचा पत्ता किंवा कौन्सिलचा डिस्ट्रिक्ट (म्हणजे प्रभाग), किती सीझन तिकिटं (अख्ख्या मोसमाची) घ्यायची इच्छा आहे, आणि कौन्सिलच्या बैठकीला यायची तयारी आहे का. शेवटचे दोन प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडतात. ईमेलवर दुवा पाठवून खातरजमा झाल्याशिवाय नाव मोजू नका, आणि महिन्यातून एकदा दुबार नावं काढा. बारा हजारांचा फुगवलेला आकडा पत्रकाराने एकदा उघडा पाडला की पुढचा कुठलाही खरा आकडा कोणी मानत नाही. चार हजार पक्की नावं आणि त्यातली किती कोणत्या डिस्ट्रिक्टमधली हे सांगणारा एक कागद, याची किंमत त्याहून कितीतरी जास्त. ही माहिती कोणाला दिली जाईल हेही अर्जावरच स्पष्ट लिहा.

इथेच एक सक्त नियम पाळा. ‘मी तिकीट घेईन’ असं वचन ग्रुपने गोळा करावं. तिकिटाचं डिपॉझिट ग्रुपने कधीही घेऊ नये. ते काम गुंतवणूकदारांच्या कंपनीचं आहे, कारण संघ आला नाही तर प्रत्येकाचे पैसे परत करावे लागतात. स्वयंसेवकांच्या खात्यात लोकांचे तिकिटाचे पैसे अडकले की दावेदारी राहते बाजूला, ग्रुप कोर्टात उभा राहतो. शिवाय वचनं आणि डिपॉझिट यांत मोठं अंतर असतं. वचन देणाऱ्यांपैकी निम्मेही पैसे भरणार नाहीत असं धरूनच नियोजन करा, आणि हा फरक लपवू नका. डिपॉझिट सुरू होईल त्या दिवशी पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत यादीतल्या लोकांना फोन करणारी वीस माणसं तयार ठेवा. नुसत्या ईमेलवर फारसे पैसे येत नाहीत.

माणसं कुठून आणायची? युरोपातले सामने बघायला सकाळी सकाळी बारमध्ये जमणारे लोक सहज सापडतात म्हणून ग्रुप तिथेच अडकतात. ते एकाच वयाचे, बहुधा एकाच वस्तीतले असतात. खरी संख्या असते रविवारच्या लॅटिनो लीगमध्ये, मेक्सिकन लीग बघणाऱ्या कुटुंबांत, आफ्रिकन आणि आशियाई स्थलांतरितांच्या संघांत, मुलांच्या क्लबांत आणि प्रौढांच्या हौशी लीगमध्ये. मुलांच्या एकाच मोठ्या क्लबमागे शेकडो पालक असतात, घरपट्टी भरणारे आणि मतदान करणारे. मात्र त्यांच्याकडे सही मागायला जाण्याआधी काहीतरी घेऊन जा: स्पर्धेच्या दिवशी पंधरा स्वयंसेवक, जुने बूट गोळा करायची मोहीम, मैदानाच्या आरक्षणासाठी पार्क खात्याला पत्र. अर्ज आणि पत्रकं स्पॅनिशमध्ये मशीनने भाषांतरित करू नका. त्या लीगमधल्याच कोणाकडून लिहून घ्या आणि त्या माणसाला कार्यकारिणीत घ्या. केवळ फोटोपुरतं बोलावलं तर लोकांना ते लगेच कळतं.

कार्यक्रमाची जागा नेहमी जरा लहान निवडा. साठ खुर्च्यांच्या खोलीत सत्तर माणसं आली तर टीव्हीवर शहर पेटलेलं दिसतं. तीनशेच्या हॉलमध्ये तेच सत्तर ओकेबोके दिसतात. अर्थात अग्निशमन खात्याने ठरवलेली मर्यादा ओलांडू नका. स्कार्फ विणून यायला साधारण दीड-दोन महिने लागतात आणि कारखाने किमान संख्या मागतात, म्हणून पहिली खेप शंभर-दोनशेचीच करा आणि आधी नोंदणी घेऊन मग ऑर्डर द्या. मोठा बॅनर करणार असाल तर कापड आग न पकडणारं घ्या. बऱ्याच स्टेडियममध्ये त्याशिवाय आत सोडत नाहीत. या विषयावर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही, कारण हे काम गट आपणहून आवडीने करतात.

शहरात खालच्या पातळीचा व्यावसायिक संघ आधीच असेल तर त्याचे सामने हीच तुमची परीक्षा. सिनसिनाटीने हे सिद्ध केलं. एफसी सिनसिनाटी २०१६ मध्ये यूएसएल या एमएलएसच्या खालच्या लीगमध्ये खेळू लागला. २०१७ च्या यूएस ओपन कपमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या श्रेणींचे संघ खेळतात त्या बाद स्पर्धेत, त्याने एमएलएसच्या शिकागो फायरला पेनल्टीवर हरवलं तेव्हा निपर्ट स्टेडियममध्ये ३२ हजारांवर प्रेक्षक होते, आणि न्यूयॉर्क रेड बुल्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याला ३३,२५०. पुढच्या वर्षी मे महिन्यात लीगने होकार कळवला. अशी गर्दी आपोआप जमत नाही. प्रत्येक सामन्यासाठी आधीचे तीन आठवडे धरा, आणि त्यातही ओपन कपचे मधल्या वारचे सामने, कारण तेव्हाच मैदान रिकामं राहण्याची भीती असते आणि तेव्हाच एमएलएसचे लोक बघत असतात. दहा-दहा तिकिटं घेणारे गटप्रमुख नेमा: कंपनीतला एक, कॉलेजमधला एक, चर्चमधला एक. पन्नास गटप्रमुख म्हणजे पाचशे खुर्च्या.

मात्र आधीच्या संघाचे चाहते एमएलएसच्या विरोधात असू शकतात. डेट्रॉइट सिटी एफसीच्या ‘नॉर्दर्न गार्ड’ या चाहत्यांच्या गटाने आपल्या शहराच्या दावेदारीला साथ दिली नव्हती. त्यांना वाटत होतं की आपण स्वतः उभा केलेला क्लब यात चिरडला जाईल. ही शंका खोटी ठरवायच्या फंदात न पडता पहिल्याच बैठकीत त्यांना बोलवा आणि जुन्या संघाचं पुढे काय होणार याचं उत्तर गुंतवणूकदारांकडून लेखी मागा.

आता सिटी हॉल. कौन्सिलच्या प्रत्येक सदस्याचं नाव एका तक्त्यात घ्या आणि समोर पाचपैकी एक खूण करा: पक्का होकार, कल होकाराकडे, कुंपणावर, कल नकाराकडे, पक्का नकार. ठराव मंजूर व्हायला नेमकी किती मतं लागतात हे शहराच्या सनदेत वाचून काढा. साधं बहुमत पुरेल असं गृहीत धरणं ही घातक चूक आहे. नॅशव्हिलमध्ये चाळीस सदस्यांच्या कौन्सिलमध्ये, स्टेडियमसाठी जत्रेच्या मैदानावरच्या जुन्या इमारती पाडण्याच्या ठरावाला २७ मतं लागत होती. ४ सप्टेंबर २०१८ ला ३१ पडली. ऑस्टिनमध्ये त्याच वर्षी १५ ऑगस्टला मॅककॅला प्लेस या जागेवरच्या स्टेडियमच्या कराराचा ठराव ७ विरुद्ध ४ असा पास झाला. अकरा जणांच्या कौन्सिलमध्ये दोन माणसं फिरली असती तर निकाल उलटला असता. म्हणजे सगळ्या शहराचं मन वळवण्यापेक्षा कुंपणावरच्या तीन-चार सदस्यांच्या डिस्ट्रिक्टमधले दोनशे मतदार हलवणं जास्त महत्त्वाचं, आणि म्हणूनच यादीत डिस्ट्रिक्ट हवा.

त्या सदस्यांना एकसारखा छापील ईमेल हजार वेळा पाठवू नका. त्यांचे सहायक तो एकच मोजतात. त्याऐवजी त्यांच्याच डिस्ट्रिक्टमधल्या चाळीस जणांनी आपल्या शब्दांत चार-पाच ओळी लिहाव्यात, पत्ता खाली द्यावा, आणि पाच जणांनी वेळ घेऊन समोर भेटावं. एक दुकानदार, एक शाळेतला प्रशिक्षक, एक निवृत्त माणूस, एक तरुण आई, एक लीग चालवणारा. सगळे स्कार्फ घालून एकदम गेले तर ती मागणी नागरिकांची वाटत नाही.

जाहीर सुनावणीत प्रत्येकाला बहुधा दोन किंवा तीन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत इंग्रजीतले अडीचशे शब्द जेमतेम बसतात, म्हणून सव्वादोनशेच लिहा आणि घड्याळ लावून दोनदा वाचा. बोलणाऱ्यांची नावं आगाऊ नोंदवावी लागतात. मुदत चुकली तर शंभर माणसं आणूनही गप्प बसावं लागतं. बारा-पंधरा वक्ते पुरेत, पण प्रत्येकाला वेगळा मुद्दा द्या. वाहतूक, पार्किंग, रात्रीचा आवाज, कामगारांचं वेतन, मुलांसाठी मैदानं: विरोधक जे विचारणार त्याची उत्तरं तुमच्या बाजूने आधी यायला हवीत. सभागृहात घोषणा देऊ नका आणि विरोधकाच्या बोलण्यावर ओरडू नका. त्या गोंधळाची चित्रफीत कुंपणावरच्या सदस्याला नकार द्यायला चांगलं निमित्त देते. बैठका चार-पाच तास चालतात, म्हणून दोन पाळ्या ठरवा. रात्री अकराला मतदान होताना रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर संध्याकाळची गर्दी वाया जाते.

आर्थिक फायद्याबद्दल बोलताना फार जपा. स्टेडियममुळे शहराची तिजोरी भरते या दाव्यावर अर्थतज्ज्ञांचा बहुतांशी विश्वास नाही, कारण लोक तोच करमणुकीचा पैसा दुसरीकडून काढून इथे खर्च करतात. गुंतवणूकदारांच्या पत्रकातले रोजगाराचे आकडे चाहत्यांनी तोंडी घेतले की त्या आकड्यांची जबाबदारीही त्यांच्यावर येते. तुम्ही नागरिक म्हणून बोला: आम्हाला हा संघ का हवा, आम्ही किती जण येऊ, आणि कोणत्या अटींवर शहराने मदत करावी.

सार्वमत घ्यावं लागलं तर खेळच बदलतो. सेंट लुइसमध्ये ४ एप्रिल २०१७ ला स्टेडियमसाठी सहा कोटी डॉलर देण्याचा प्रस्ताव मतदारांसमोर होता. तो साधारण ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी पडला. फुटबॉलची परंपरा मुरलेल्या शहरात हे घडलं, कारण मतपत्रिकेवर फुटबॉल नव्हता, कर होता. सॅन दिएगोत नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाच जागेसाठी दोन प्रतिस्पर्धी प्रस्ताव होते. फुटबॉल स्टेडियमवाला ‘सॉकरसिटी’चा हरला आणि विद्यापीठाचा जिंकला. उलट फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये मे २०१७ च्या सार्वमतात ८५ टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला, तरी लीगने संघ दिला नाही. तेव्हा मतदान जिंकणं आवश्यक असलं तरी पुरेसं नसतं, हे स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा.

सार्वमताच्या मोहिमेत दारोदार जाताना पहिलं वाक्य ‘तुम्हाला फुटबॉल आवडतो का’ हे नको. बहुतेकांचं उत्तर नाही असंच येणार आणि दार बंद होणार. ‘या प्रस्तावात तुमच्या घरपट्टीवर काय परिणाम होतो ते सांगू का’ इथून सुरुवात करा, आणि खरं ते सांगा. खर्चाची नोंद निवडणूक कार्यालयात करावी लागते. फुकट मिळालेली छपाई आणि हॉलसुद्धा देणगी म्हणून दाखवावी लागते. यात कसूर झाली तर विरोधकांना आयती बातमी मिळते.

स्टेडियम ज्या वस्तीत होणार तिथल्या लोकांकडे सगळ्यात आधी जायला हवं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी जातात. सिनसिनाटीत वेस्ट एंड या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत स्टेडियम उभं राहताना भाडेकरूंच्या विस्थापनावरून कडवट वाद झाला. आनंदाच्या दिवशीही तो विसरायचा विषय नव्हे. नॅशव्हिलमध्ये कामगार संघटना आणि रहिवाशांच्या ‘स्टँड अप नॅशव्हिल’ या आघाडीने संघाशी लेखी समाजहित करार केला. त्यात स्टेडियमच्या कामगारांना तासाला किमान १५.५० डॉलर, परवडणारी घरं आणि बालसंगोपनाची सोय होती. चाहत्यांनी असा करार स्वतः मागितला पाहिजे. एक तर ते योग्य आहे. आणि दुसरं, ज्या सदस्याला आपल्या मतदारांसमोर होकाराचं कारण द्यायचं असतं त्याच्या हाती काहीतरी पडतं.

गुंतवणूकदारांशी जवळीक ठेवा, पण त्यांचे पगारी भाट होऊ नका. त्यांच्याकडून कार्यक्रमाचा हॉल घेतलात तर जाहीर करा. ग्रुपचा रोजचा खर्च मात्र सभासदांच्या वर्गणीतूनच भागवा. कारण सांगतो. सॅक्रामेंटो रिपब्लिक या खालच्या श्रेणीतल्या क्लबने २०१४ च्या एप्रिलमध्ये पहिल्याच घरच्या सामन्याला २०,२३१ प्रेक्षक आणले आणि त्याच मोसमात विजेतेपद मिळवलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एमएलएसने शहराला संघ जाहीरही केला. मग २०२१ च्या फेब्रुवारीत मुख्य गुंतवणूकदाराने माघार घेतली आणि सगळं थांबलं. चाहत्यांची चूक काहीच नव्हती. पण क्लब आणि त्याचे लोक टिकून राहिले, म्हणून पुढच्याच वर्षी तो ओपन कपच्या अंतिम फेरीत दिसला. एका मालकाच्या नावाला बांधलेला ग्रुप अशा वेळी एका बातमीत संपतो. सेंट लुइसमध्ये ‘सेंट लुलिगन्स’ हा चाहत्यांचा ग्रुप २०१० पासून होता. सार्वमत हरल्यावर तो पांगला नाही. नवे मालक बहुतांश खासगी पैशाची योजना घेऊन पुढे आले, ऑगस्ट २०१९ मध्ये संघ मिळाला, आणि २०२३ मध्ये पहिला सामना झाला.

म्हणजे चार ते दहा वर्षांची तयारी धरा. मोहिमेचे महिने आणि शांततेचे महिने वेगळे ठेवा. बातमी नसेल तेव्हा महिन्याला एक पत्र, दोन महिन्यांना एक सामना किंवा मैदान सफाई, वर्षाला एकदा कार्यकारिणीची निवडणूक, एवढंच पुरे. पदाधिकाऱ्यांनी दोन वर्षांनी जागा सोडावी. भांडणं पैशावरून कमी आणि ‘हे मीच सुरू केलं’ यावरून जास्त होतात.

लीगचे लोक पाहणीला येतील तो दिवस छोटा असतो, दोन-तीन तासांचा. त्यांना गाणी ऐकवा, पण त्याबरोबर एक पानाचा कागद हातात द्या: खातरजमा झालेली नावं किती, त्यांतली स्टेडियमपासून अर्ध्या तासाच्या अंतरात किती, तिकिटांची वचनं किती आणि डिपॉझिट किती, मुलांचे क्लब किती. आकडा लहान असला तरी खरा द्या.

आणि तीस संघ झाल्यावर एमएलएसचं दार किती उघडं राहील याची वाट बघत बसू नका. यूएसएलने स्वतःची पहिल्या श्रेणीची लीग सुरू करायचं २०२५ मध्ये जाहीर केलं. यूएस सॉकर या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार पहिल्या श्रेणीसाठी किमान १५,००० आसनांचं स्टेडियम लागतं, दुसऱ्यासाठी ५,०००. तुमच्या कौन्सिलसमोर पाच हजारांचं, पुढे वाढवता येईल असं स्टेडियम मांडणं कदाचित जास्त सोपं जाईल. यादी, डिस्ट्रिक्टचा तक्ता आणि वक्त्यांची नोंद तिथेही तीच चालते. गुंतवणूकदारांच्या पुढच्या बैठकीत हा पर्याय त्यांनी तपासला आहे का, हे विचारा.